ठमीच्या वाडीतलं पाळणाघर

सरूने खोली झाडली, चटया अंथरल्या, तरी खांब गावाजवळच्या त्या आदिवासी वाडीतलं एकही पोर पाळणाघराकडे फिरकलं नाही. उद्या पेणच्या कॉलेजातून म्हात्रे सर येणार होते, सोबत परदेशी विद्यापीठाच्या परीक्षक बाई. विकास-अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प त्यांना पटला तर पदवी, नाही तर वर्ष पुन्हा. म्हणजे अंगावर पिणाऱ्या लेकीला, चिमीला, रोह्याला सासूबाईंपाशी टाकून पुन्हा ही पायपीट. सरू दाराशी येऊन वाट बघू लागली.

समोरून वाडीतली ठमी मजुरीला निघाली होती, पोर झोळीत, कोयता कमरेला.

“ठमे, पोराला कुठं नेतेस? हे सगळं कुणासाठी मांडलंय?”

“आमाला वाटलं, तुझ्याच लेकीसाठी.” ठमी हसली.

“चेष्टा नको गं. घरोघरी विचारलं मी. सगळ्या व्हय म्हणालात.”

ठमी उंबऱ्यावर टेकली, पोराला पदराखाली घेतलं. “म्हनलो व्हय. तू दारात आलीस तवा पोलकं दुधानं भिजलेलं तुझं. तिकडं लेक रडत आसंल. नाय म्हनलं की तू का नि कशाला इचारीत बसायचीस. व्हय म्हनलं की उठायचीस. मग समद्यांनी तेच ठरवलं.”

सरूला हसावं की रडावं कळेना.

“तोंड नको पाडू गो,” ठमी म्हणाली. “उद्या समदी पोरं आनून बसवतो. सायेब गेला की नेऊ. जानीचं पोर तेवढं रडतं, त्याच्या हातात भाकर देऊ.”

चटयांवर बसलेली पोरं सरूला दिसलीसुद्धा. उद्या संध्याकाळी सगळं संपलं असतं, चिमीला कुशीत घेऊन नुसतं पडता आलं असतं. पण साऱ्याजणींचा रोज बुडाला असता, तोही परत तिच्याचसाठी.

तिने म्हात्रे सरांना फोन लावला.

“सर, पाळणाघर यांना नकोय. मी घाईत विचारलं, त्यांनी माझी घाई बघून उत्तरं दिली.”

“मग उद्या आम्ही येत नाही. वर्ष जाईल, सरू.”

“हो सर.”

तिने फोन ठेवला. ठमी उठली, झोळी सारखी केली.

“उद्या लेकीला घेऊनच ये. आमच्यासंगं बांधावर चल, काय इचारायचं ते तितं सावकाश इचार.”

“ऊन लागेल गं तिला.”

“लागंल की. आमच्या पोरांना लागतं तेवढंच.”

सरूने चटया गुंडाळायला घेतल्या.

“आणते,” ती म्हणाली.