हरण्यांच्या कुळातला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. घोड्याच्या खुराला नाल ठोकणाऱ्या नालबंदाचा. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये असतो. टीव्हीशेजारच्या फळीवर मला जागा दिली आहे. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या टपऱ्यांतल्या कढयांचा आवाज सकाळपासून वर येतो. घोडा मात्र मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

माझ्यासारखी जुनी वस्तू बोलू लागली की ती आपल्या कष्टांची आणि मायेची गोष्ट सांगते, असे तुम्हाला वाटत असेल. तेही मी सांगेन. पण आधी एक कबूल करतो. एका माणसाबद्दल माझ्या मनात चाळीस वर्षे राग होता. त्याचा सूड उगवावा, असे मला फार वाटे. ही गोष्ट त्या सुडाची आहे.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, एका गावाबाहेरच्या माळावर झाला. तिथे रोमानी लोकांची पाले पडली होती. हे लोक घोडागाड्यांतून गावोगाव फिरत, घोडे विकत, भांड्यांना कल्हई करत. गावात काही चोरीला गेले की पहिला संशय त्यांच्यावर. माझा धनी सायलस हर्न त्यांच्यातलाच. त्याच्या बापाने मला ऐरणीवर घडवले आणि माझ्या गालावर 'हर्न' ही इंग्रजी अक्षरे ठोकली. पोलीस येऊन पाले उठवत, मग पुढचे गाव. शेवटी सायलस कंटाळला. फौजेत नालबंद म्हणून भरती झाला आणि पुण्याजवळ खडकीच्या छावणीत आला. मला त्याने कमरेला खोचूनच आणले होते.

खडकीत त्याने गोदा नावाच्या मुलीशी लग्न केले. ती छावणीतल्या घोड्यांसाठी गवताचे भारे घेऊन येई. त्यांना विठ्ठल झाला. विठ्ठल चार वर्षांचा असताना एका बिथरलेल्या घोड्याची लाथ सायलसच्या छातीत बसली आणि तो गेला. पुढे शाळेत मास्तरांनी 'हर्न'चे 'हरणे' केले. विठ्ठलने ते जन्मभर घट्ट धरून ठेवले. त्याला कारकुनाची नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात त्याने माझ्या गालावर काळ्या ऑइलपेंटचे तीन हात मारले आणि मला ट्रंकेत टाकले. मग घरात नवी कहाणी तयार झाली. आम्ही मूळचे कोकणातले, आमचे पूर्वज पेशव्यांच्या घोडदळात होते! त्यातले घोडे तेवढे खरे होते.

विठ्ठलच्या नातवंडांत भाऊसाहेब थोरले आणि बेबी त्यांची धाकटी बहीण. बेबी शाळेत शिकवत असे. तिने नरेशशी लग्न ठरवले. नरेश आयटीआयमध्ये शिकवायचा, पण जातीने घिसाडी. त्याचे आईवडील बैलगाडीवर भाता लादून गावोगाव विळे-कोयते घडवत फिरलेले. तो स्वतः रस्त्याकडेच्या पालात जन्मला होता.

त्या दिवशी भाऊसाहेबांनी बेबीची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली. मग आत गेले, मला ट्रंकेतून काढले आणि त्या पेटीवर आदळले.

"हाही घेऊन जा. पालातल्या भटक्या लोहाराच्या घरी चाललीयस, तिथे उपयोगी पडेल. आणि परत या दारात यायचं नाही."

बेबी पुढे झाली. तिने मला उचलून पदरात घेतले. मित्रांनो, मला त्या माणसाच्या पायावर पडायचे होते, नमस्काराला नव्हे, चांगले वजनासकट!

पण खरे सांगतो, त्या घरात मी सुखी झालो. नरेशने माझा कुजका दांडा काढून बाभळीचा नवा बसवला. हातात तोलून तो म्हणाला, "बेबी, हा कुणा जाणत्या माणसाने घडवलाय." इतक्या वर्षांत मला कुणी ओळखले नव्हते. रविवारी त्याचे वडील मला घेऊन बसत. मी पुन्हा लोखंडावर पडू लागलो. बेबी-नरेशची मुलगी निहारिका माझ्याच ठोक्यांच्या आवाजात अभ्यास करून इंजिनिअर झाली, सिंगापूरला वन-नॉर्थमध्ये संशोधनाच्या नोकरीला लागली. सहा वर्षांपूर्वी नरेश वारला. निहारिकाने आईला इकडे आणले, आणि आईने मला बॅगेत, साड्यांच्या घडीत.

मागच्या वर्षी निहारिकाच्या ऑफिसमधल्या वेदांतने तिला एक जाड पुस्तक आणून दिले. त्याची आजी हरण्यांकडची. "तुझ्या आईचं माहेरचं आडनाव हरणेच ना? बघ, कुळवृत्तांत आलाय." संपादक भाऊसाहेब हरणे.

निहारिकाने जेवणाच्या टेबलावर ते उघडले. घोडदळातले पूर्वज होते, वंशवृक्ष होता, भाऊसाहेबांचा पानभर फोटो होता. आईच्या नावापुढे एकच ओळ होती. 'बेबी. अविवाहित. अल्पवयात निधन.'

बेबीने चष्मा पुसला आणि ती ओळ दोनदा वाचली.

"अल्पवयात म्हणजे कितव्या वर्षी मेले गं मी?" ती म्हणाली. "तेवढं तरी लिहायचं."

मग ती उठून कुकर लावायला गेली. निहारिका मात्र उठून माझ्याकडे आली. तिने मला फळीवरून काढले आणि चाकूने माझ्या गालावरचा रंग खरवडू लागली. तिचे बाबा नेहमी म्हणत, या रंगाखाली काहीतरी लिहिलेले हाताला लागते. संध्याकाळपर्यंत 'हर्न' ही अक्षरे उघडी पडली, आणि 'हरणे' कुठून आले असावे याची तिला शंका आली.

त्यानंतर सहा महिने ती एकाच गोष्टीमागे होती. इंग्लंडमध्ये वंशावळी शोधणाऱ्या लोकांची एक मंडळी आहे. तिथल्या प्रिसिला नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला मदत केली. एकेक कागद येऊ लागला. फौजेच्या भरतीपत्रावर सायलस हर्न, धंदा नालबंद, जन्म माळावर तंबूत. चर्चच्या नोंदवहीत 'फिरस्त्याचा मुलगा'. शिरगणतीत सगळे कुटुंब 'गाडीत राहणारे'. छावणीच्या लग्ननोंदीत गोदा. निहारिकाने लाळेची डीएनए तपासणीही करून घेतली. इंग्लंडमधल्या दोन हर्न बायकांशी तिचे लांबचे नाते जुळले. पण रोमानी रक्ताबद्दल तपासणी काहीच सांगेना. प्रिसिलाबाईंनी लिहिले की, रोमानी लोकांचे मूळच हिंदुस्थानातले, त्यामुळे हिंदी माणसाच्या रक्तात ते वेगळे काढणे कठीण. आणि खाली लिहिले, 'बहुधा रोमानी. खात्रीने मी म्हणणार नाही. तेव्हाचे सगळेच फिरस्ते रोमानी नव्हते.'

निहारिका चिडली. "मला बहुधा नकोय! मला मामाच्या तोंडावर फेकायला पक्कं हवंय."

मला सगळे पक्के माहीत होते, पण माझ्या तोंडाला फक्त ठोकणे येते.

संधी चालून आली. भाऊसाहेबांचा मुलगा मुकुल सिंगापूरलाच रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होता. वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन त्याने आपल्या कॉन्डोच्या हॉलमध्ये ठरवले. कुळवृत्तांताची दुसरी आवृत्तीही त्याच दिवशी निघायची होती. वेदांतला आमंत्रण होते, तो निहारिकाला बरोबर नेणार होता. निहारिकाने भाषण लिहून काढले आणि आदल्या दिवशी आईसमोर वाचून दाखवले.

"तुमचे पूर्वज घोडदळातले नव्हते. ते रस्त्यावरचे होते. तंबूत जन्मलेले, गावोगावहून हाकलून दिलेले भटके..."

"थांब," बेबी म्हणाली. "आवाज कसा निघतोय तुझा, ऐकतेयस का? शिवीसारखं वाचतेयस तू."

"त्यांना शिवीच द्यायची आहे, आई!"

"द्यायची ना. पण ही कुणाची शिवी आहे? तुझे बाबा पालातच जन्मले. मला घराबाहेर काढताना दादाने त्यांना हीच शिवी दिली होती. आता तीच तू घासूनपुसून वापरणार?"

निहारिकाच्या हातातले कागद खाली आले. बराच वेळ ती रडली, रागानेच.

"मग काय, सोडून द्यायचं?"

"सोडायचं कोण म्हणतंय?" बेबी म्हणाली. "उद्या मीही येते."

दुसऱ्या दिवशी बेबीने मला पिशवीत घेतले. हॉलमध्ये सत्तरेक माणसे होती. भाऊसाहेब मखमली खुर्चीत बसले होते, गळ्यात हार. औक्षण झाल्यावर बेबी सरळ पुढे गेली आणि मला त्यांच्यासमोरच्या टेबलावर, नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवले.

"नमस्कार दादा. मी अल्पवयात वारलेली बेबी."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मुकुल गोंधळून म्हणाला, "बाबा, ही आत्या? तुम्ही तर म्हणाला होतात की..."

भाऊसाहेब तिच्याकडे पाहत नव्हते. ते माझ्या गालावरची उघडी अक्षरे पाहत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि मला कळले. त्यांना ठाऊक होते! विठ्ठल आजोबांनी त्यांना सांगून ठेवले होते. मला त्यांनी त्या दिवशी लोहाराच्या घरी उपयोगी पडावे म्हणून दिले नव्हते. घरातून पुरावा घालवला होता.

निहारिकाने कागद वाचले. आवाज चढवला नाही. सायलस हर्न, नालबंद, जन्म माळावरच्या तंबूत, बहुधा रोमानी. त्याची बायको गोदा, गवत विकणारी. त्यांचा मुलगा विठ्ठल. प्रत्येक नाव तिने देवापुढे घ्यावे तसे घेतले. मुकुलची बारा वर्षांची जाई मधेच सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "Wah, so cool lah! Papa, why you never tell me?"

भाऊसाहेब वाकून हळूच म्हणाले, "बेबी, तुझं नाव घालतो. नवऱ्याचं, मुलीचं, सगळ्यांचं घालतो. एवढं या हॉलच्या बाहेर जाऊ देऊ नकोस. लोक काय म्हणतील?"

चाळीस वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली होती. तो माणूस गयावया करत होता.

"नको," बेबी म्हणाली. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. "तुमच्या पुस्तकात मला मेलेलीच राहू दे. आम्ही आमचं वेगळं छापतो. त्यात सगळे असतील. तुम्हीसुद्धा."

आम्ही निघालो. मुकुल लिफ्टपर्यंत मागे आला. त्याने आत्याला वाकून नमस्कार केला. दुसरी आवृत्ती त्या दिवशी कुणी नेली नाही, असे वेदांतने नंतर सांगितले.

आमचे पुस्तक यंदा निघाले. अवघे चाळीस पानांचे. सायलसपासून सुरू होते, 'बहुधा' हा शब्द निहारिकाने तसाच ठेवला आहे. घिसाड्यांकडची चार पिढ्यांची माहिती त्यात आहे. भाऊसाहेबांच्या नावापुढची ओळ मात्र बेबीने कुणाला लिहू दिली नाही. ती तिने स्वतःच्या हाताने लिहिली. 'भाऊसाहेब. यांनी धाकट्या बहिणीला ती जिवंत असताना मृत म्हणून छापले.'

पुस्तक पोहोचल्यावर त्यांचा फोन आला. बेबीने स्पीकर लावला.

"ही ओळ काढ, बेबी. मी आता किती दिवसांचा."

"यातलं खोटं काय आहे ते सांगा, दादा. लगेच काढते."

बेबी थांबली, अगदी शांतपणे, त्यांना हवा तेवढा वेळ देऊन. शेवटी त्यांनीच फोन ठेवला. ओळ तशीच आहे. मला वाटले होते, बेबीला नंतर दया येईल. आली असेलही. पण तिने ओळ काढली नाही, आणि मी लोखंडाचा, मला तिचे पटते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या हातोड्याला तेलाचे बोट लावत जा, तो गंजत नाही. आणि कधी आपल्या घराण्याची नावे लिहायला बसलात, तर जे तुम्हाला आवडत नाहीत त्यांची आधी लिहा. ती माणसे तेवढ्याने तुम्हाला माफ करतील, असे मी म्हणत नाही. पण लिहा.