मस्केरेमचा अर्ज

गेल्या ऑक्टोबरात माझी बायको मस्केरेम वारली. मार्च आला आणि कराचे कागद भरायची वेळ झाली.

आम्ही इथिओपियाहून कॅन्ससला आलो ते माझ्या शिक्षणासाठी. विद्यापीठ मला थोडा पगार देतं, म्हणून मला विवरणपत्र भरावं लागतं. मस्केरेमला इथे नोकरीची परवानगी नव्हती, कमाई शून्य. तरी तिच्या नावाचा एक अर्ज द्यावाच लागायचा. परदेशी विद्यार्थ्याबरोबर आलेल्या बायकोमुलांनाही तो चुकत नाही. कागदाचं हे सगळं काम दरवर्षी तीच करायची. पहिल्या वर्षी त्या अर्जाच्या माहितीत ‘सूट असलेली व्यक्ती’ असे शब्द तिला सापडले. ती सूट फक्त करासाठी इथल्या मुक्कामाचे दिवस मोजण्यापुरती असते. पण तिने कागद माझ्यापुढे धरला.

“वाच, तिलाहुन. सरकारनं मला सूट दिलीय. आजपासून भांडी तुझी.”

यंदा माझा मित्र गिरमा म्हणाला, “भाऊ, तिचा कागद सोडून दे. गेलेल्या माणसाचा कागद कोण मागतंय?”

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. दफनाचं सगळं त्यानेच पाहिलं होतं. आमच्या लोकांनी घरोघर फिरून खर्च उचलला होता. पण मला पटेना. गेल्या वर्षी ती इथे होती. त्या वर्षाचा तिचा कागदच नसावा, हे मला नको होतं. तरी भरायला बसलो की हात चालत नव्हता.

शेवटी शनिवारी सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथे तळघरात काही म्हातारी माणसं विद्यार्थ्यांचे कर-कागद फुकट भरून देतात. माझ्या वाट्याला लोरेटा नावाच्या बाई आल्या. गळ्यात दोन चष्मे, दोन्ही दोरीने बांधलेले.

“बस बाळा. किती अर्ज?”

“दोन. माझा आणि बायकोचा.”

“मग ती कुठाय? गाडी लावतेय?”

“ती ऑक्टोबरात गेली.”

“घरी गेली?”

“नाही. वारली.”

बाईंनी कळफलकावरून हात काढले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गेल्या वर्षी ती इथं होती ना? मग तिचा अर्ज द्यायचा. कसा द्यायचा ते मी विचारून येते. तू हलू नकोस.”

त्या आपल्या प्रमुखांना विचारून आल्या. नावाजवळ मृत्यूची तारीख लिहायची, सही मी करायची. आधी माझं विवरणपत्र झालं. मग त्यांनी तिचा अर्ज उघडला आणि पडद्यावर नाव उमटलं : मस्केरेम वोर्कू.

“हे चुकलं,” मी म्हणालो. “मस्केरेम अबेरा.”

“ते माहेरचं नाव का?”

“आमच्यात माहेरचं-सासरचं नसतं. आधी आपलं नाव, मग वडिलांचं. वोर्कू माझे वडील. ती अबेरांची मुलगी.”

“लग्न झाल्यावरसुद्धा?”

“ती म्हणायची, मी तुझ्याशी लग्न केलंय, तुझ्या बापाला दत्तक गेले नाही.”

लोरेटाबाई इतक्या मोठ्यांदा हसल्या की शेजारच्या टेबलावरचे आजोबा दचकले. “अरे, मला हे कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं! नवऱ्याचं आडनाव हॉकनबेरी! जन्मभर लोकांना स्पेलिंग सांगत बसलेय.”

मीही हसलो. मग बोलतच सुटलो. ती कॉफीच्या बिया भाजायला बसली की वरच्या मजल्यावरचा शेजारी आग लागली म्हणून धावत यायचा, ते सांगितलं. फोनवर बहिणीशी भांडताना ती उभी राहायची, तेही. इतके महिने मी हे कुणाशी बोललो नव्हतो. आमच्या लोकांना ती माहीत होती, त्यामुळे ते विचारत नव्हते. बाकीच्यांना काय पडली होती? या बाईंनी विचारलं. मागे रांग वाढत होती, पण त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग त्या पुढचा प्रश्न वाचू लागल्या. “गेल्या वर्षी तिनं इथं कायमचं राहण्यासाठी अर्ज केला होता का?”

वाचून झालं आणि त्यांनी जीभ चावली.

“अर्ज नव्हता केला,” मी म्हणालो. “राहिली मात्र.”

“कुठं?”

“गावाबाहेरच्या दफनभूमीत. कुंपणाजवळ.”

“माझा नवराही तिथंच आहे,” त्या म्हणाल्या. एक चष्मा काढून त्यांनी स्वेटरला पुसला. “इथं ‘नाही’ लिहिते हं.”

“नाहीच लिहा.”

कागद छापून आले. त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली. हात चालला. दोन्ही अर्ज मी घरून आणलेल्या पाकिटात घालू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

“एकत्र नाही! सगळी नवरा-बायको हीच चूक करतात. कमाई नसली की तिचा अर्ज वेगळा जातो, तिच्या स्वतःच्या पाकिटात.”

माझ्याकडे एकच पाकीट होतं. बाईंनी आपल्या पिशवीतून दुसरं काढलं आणि तिकीटही स्वतःच चिकटवलं. मी पैसे काढले तर म्हणाल्या, “ठेव ते खिशात, पुढच्याला येऊ दे.” त्यांचे आभार मी नीट मानू शकलो नाही, म्हणून इथे मानतो आहे.

पाठवणाऱ्याच्या जागी मी लिहिलं, मस्केरेम अबेरा, आणि त्याखाली आमच्या घराचा पत्ता.