ठमीच्या गाडीचा मेंदू

"गॅस पेटवताना लायटर उलटा धरणारा माणूस इंजिनाचा मेंदू निवडणार!" ठमीची आई म्हणाली. "ठमे, तुझ्या धाडसाची कमाल आहे हं."

ठमी हसली. तिचा उजवा पाय समोरच्या खुर्चीत उशीवर ठेवलेला होता. अण्णांनी चष्मा पुसला आणि टेबलावरच्या कागदांच्या तीन चळतींपैकी तिसरी पुढे ओढली.

अण्णा म्हणजे ठमीचे वडील. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दुसऱ्यानं लिहिलेलं, तिसऱ्यानं जुळवलेलं, आपण फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, एवढीच आपली लायकी असं ते मनापासून मानत. गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. सायकलही समोरून कुणी आलं की उतरून हातात धरायचे.

ठमी अगदी उलट. पुलांची तपासणी हे तिचं काम. दूरच्या शहरात एकटी राहायची आणि एका पुलावरून दुसऱ्या पुलाकडे आपल्या गाडीनं हिंडायची. गाडी जुनी आणि दिसायला एवढीशी. पण तिच्या पोटात ठमीनं आणि इथल्या गॅरेजवाल्या मित्रानं मिळून मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं, वर टर्बोही. आई तिला 'वाघाचं काळीज घातलेली मांजर' म्हणायची.

मग एका पुलाखालच्या परांचीवरून ठमी घसरली. हाडं जुळली, पण उजव्या पावलातली जाणीव परत आली नाही. आपण किती दाबतोय हेच त्या पावलाला कळेना. तेव्हापासून ती आईवडिलांकडे होती, आणि गाडी त्या मित्राच्या गॅरेजात. ऑफिसनं तिची जागा राखून ठेवली होती, पण कायमची नव्हे. तपासण्यांचा नवा हंगाम सुरू होण्याआधी ती स्वतः गाडी चालवत हजर झाली, तर पूल तिचे. नाहीतर टेबलाशी बसून दुसऱ्यांनी पाहिलेल्या पुलांचे अहवाल वाचायचे.

"अहवाल वाचणं वाईट नाही, अण्णा," ती म्हणाली होती. "पण ते तुमचं काम. मी मरून जाईन."

डॉक्टरांनी परवानगी दिली होती. डाव्या पायानं ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हाताच्या दांडीनं. गिअर आपोआप बदलणारे होतेच. अडलं होतं ते ईसीयूवर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरवणारा इंजिनाचा कंप्युटर म्हणजे ईसीयू. दिसायला अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा. गाडीतल्या जुन्या डब्याला पायानं ओढलेली केबल तेवढी समजायची. हाताच्या दांडीकडून विजेनं आलेला इशारा त्याला कळणारच नव्हता. म्हणून नवा डबा हवा होता, आणि बाजारात तीन होते.

"तुम्ही वाचा, अण्णा," ठमीनं तिन्ही डब्यांची माहितीपुस्तकं छापून आणून त्यांच्यासमोर ठेवली होती. "मी वाचते तेव्हा मला पाहिजे तेच दिसतं. तुम्हाला जे छापलंय ते दिसतं."

अण्णांनी वाचलं. शब्दकोश घेऊन, तळटीपांसकट. पहिला डबा जुन्याच्या डोक्यावर बसायचा आणि त्याला चक्क थापा मारून त्याच्याकडून जास्त पेट्रोल काढायचा. केबल तशीच, पाय तसाच. दुसरा जुन्याच्या जागी आयता बसायचा, त्याच प्लगमध्ये. हाताच्या दांडीशी त्याची गाठ घालता यायची, पण वरून आणखी एक यंत्र लावून, आणि त्या यंत्रावर या डब्याची नजर नसणार होती. तिसरा सगळाच नवा. त्यात दांडीला दोन सेन्सर जोडायचे. दोघं एकाच वेळी दांडी किती ओढली ते सांगणार, डबा दोघांचं ताडून पाहणार, आणि दोघांचं जमलं नाही की इंजिन मंद करणार.

हे वाचून अण्णांनी चष्मा काढून ठेवला. छापखान्यातही असंच असायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मुद्रित बघायचं. फरक आला की थांबायचं, छपाई पुढे जायची नाही. अनोळखी गावात बालमित्र भेटावा तसं त्यांना झालं.

म्हणजे उत्तर केव्हाच मिळालं होतं. आणि तरी कुणी विचारलं की अण्णा म्हणत, "वाचतोय अजून."

*

ठमीच्या त्या गॅरेजवाल्या मित्राला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो पटकन उडायचा. अण्णा हल्ली त्याच्याकडे रोज जात आणि दारात चप्पल काढत. ऑइलनं माखलेल्या त्या फरशीवर चप्पल काढणारे ते एकटेच.

"या काका. आज काय?"

"एक शंका होती."

"एकच? मग बसा. दोन असत्या तर उभं ठेवलं असतं."

अण्णा एका टायरवर अंग चोरून बसले. "ते दोन सेन्सर. दोन्ही एकदम चुकले तर?"

"दोघांच्या वायरी वेगळ्या, मोजायची पट्टी वेगळी. एक पूर्ण आकडा सांगतो, दुसरा निम्मा. दोघांना संगनमत करून एकच थाप मारता येत नाही."

"आणि वायर तुटली तर?"

"तर डबा म्हणणार, तुमचं आपसात जमत नाही, मी चाललो. इंजिन मंद. गाडी गुपचूप कडेला घ्यायची."

"आणि पाणी गेलं तर?"

फ्यूजनं पाना खाली ठेवला. "काका, पहिल्या डब्यात पाणी गेलं तर चालेल का? दुसऱ्यात? त्या बिचाऱ्यांची तुम्ही कधी विचारपूसही केली नाहीत."

अण्णांचे कान लाल झाले. ते टायरच्या नक्षीकडे बघत राहिले.

"मला विचाराल तर दुसरा घ्या," फ्यूज म्हणाला. "प्लग काढा, प्लग लावा, घरी जा. तिसऱ्यात सगळं वायरिंग नव्यानं करायचं. शिवाय त्याची पाटी कोरी. इंजिनाला श्वास घ्यायलासुद्धा आपणच शिकवायचं. काय ते लवकर सांगा बुवा. ठमीला जायचंय ना?"

"हो," अण्णा म्हणाले. "जायचंय."

घरी परतताना त्यांनी लांबचा रस्ता घेतला.

*

ठमी बाल्कनीत बसून पावलाखाली चेंडू फिरवत होती. तिनं बघितलं नाही की ते पाऊल भलतीकडेच जायचं, म्हणून ती त्याच्यावर डोळे रोखून बसायची. अण्णांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"झालं वाचून?"

"थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"परिशिष्ट."

ठमीनं चेंडू थांबवला. "फ्यूजचा फोन आला होता. म्हणाला, तुझे वडील रोज येतात आणि फक्त तिसऱ्या डब्याचं विचारतात. पहिल्या दोघांचं नावही काढत नाहीत."

अण्णांनी कपाचा कान उजवीकडचा डावीकडे केला.

"जो मजकूर गाळायचाय त्याचे काने-मात्रे कोण तपासत बसतं, अण्णा? तुम्हीच शिकवलंयत मला."

"हो."

"म्हणजे ठरलंय तुमचं. केव्हापासून?"

"बरेच दिवस झाले."

ठमी चेंडूकडे बघतच म्हणाली, "मला वाटायचं ते खरंच होतं तर. मी चालवू शकेन याची तुम्हाला खात्री नाही. तोंडावर सांगवत नाही, म्हणून परिशिष्ट."

अण्णा दचकले. आपल्या गप्प बसण्याचा असा अर्थ लागेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. जन्मभर लोकांची वाक्यं तपासली आणि स्वतःचं हे एवढं असं वाचलं गेलं!

"नाही गं," ते म्हणाले. "खात्री मला माझी नसते. तुझी कधी नव्हती असं झालं नाही."

"मग?"

"तू सकाळी पेपर वाचून दाखवतेस ना." ते अडखळले. "स्वल्पविरामांसकट."

लहानपणी ठमी त्यांची वाचक होती. घरी आणलेल्या कामाची मूळ प्रत ती मोठ्यानं वाचायची, आणि अण्णा मुद्रितावर पेन्सिल फिरवायचे. 'राजा म्हणाला, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, कोण आहे तिकडे, उद्गारचिन्ह.' या खेपेस घरी आल्यापासून तिनं गंमत म्हणून पेपर तसा वाचायला घेतला होता. बाजारभाव, हवामान, हरवले-सापडले, सगळं विरामचिन्हांसकट. अण्णा डोळे मिटून ऐकायचे.

"डबा बसला की तू जाणार," ते म्हणाले. "जायलाच हवं. मला कळतं ते. पण मी आपला... परिशिष्ट परत वाचत होतो."

ठमीनं त्यांचा हात ओढून गालाला लावला. त्या हाताला अजून गॅरेजचा वास येत होता.

"तिसराच ना?" आतून आईचा आवाज आला. "मला केव्हाच माहीत होतं. झोपेत 'दोन सेन्सर, दोन सेन्सर' करतात."

"मग तू बोलली का नाहीस?" अण्णांनी विचारलं.

भांड्यांचा आवाज थांबला. "मला तरी कुठे घाई होती?"

*

डबा आला आणि फ्यूज वैतागत, गुणगुणत, पुन्हा वैतागत कामाला लागला. ठमी बुटक्या स्टुलावर बसून वायरींच्या जुड्या बांधायची. अण्णा टायरवर बसून पुस्तकातून कुठली वायर कुठे ते वाचून दाखवायचे.

"निळी, तिच्यावर पांढरी रेघ, स्वल्पविराम, दांडीचा पहिला सेन्सर, पूर्णविराम."

"काका, मला पूर्णविराम जोडायला खाच नाहीये!" फ्यूज ओरडायचा.

एके ठिकाणी अण्णा थांबले. आकृतीत वायर तपकिरी होती, शेजारच्या तक्त्यात काळी. "दोहोंतलं एक चुकलंय," ते म्हणाले, आणि लगेच, "किंवा मलाच नीट कळलं नसेल." फ्यूजनं मीटर लावून बघितलं. तक्ता चुकला होता. त्यानं मान वर न करता फक्त "चहा सांगतो" म्हटलं. पुढे कामभर अण्णांना टायरऐवजी खुर्ची मिळाली.

पहिल्यांदा इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. फ्यूजनं लॅपटॉपवर काही आकडे बदलले. दुसऱ्यांदा ते खोकलं, थरथरलं आणि चालू राहिलं. ठमीनं डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

आता राहिलं रस्त्यावरचं काम. गाडी निरनिराळ्या वेगानं चालवायची, आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण, दोन सेन्सर, तापमान असे स्क्रीनवरचे आकडे सारखे बघत राहायचं. ठमी आधी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत दांडीवर पुष्कळ सराव करून आली होती. तिच्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचं ते फ्यूजनं. पण फ्यूजचा चेहरा पडला.

"चालत्या गाडीत मान खाली घातली की मला ओकारी होते," तो कसाबसा म्हणाला. "हसू नका. धंद्याचा प्रश्न आहे."

"मग इतके दिवस हे काम कसं करायचास?" ठमीनं विचारलं.

"तू चालवायचीस, मी खिडकीबाहेर तोंड काढून बसायचो आणि परत आल्यावर बघायचो. मॅडमचं लक्ष रस्त्यावर असायचं. पण हा डबा कोरा, याचे आकडे चालत्या गाडीतच बघायला हवेत."

शेवटी अण्णा पुढे बसले, मांडीवर लॅपटॉप. फ्यूज मागे बसला, डोळे मिटून, खिडकी उघडी ठेवून. ओकारी आलीच तर म्हणून एक पिशवी त्यानं हातात गच्च धरली होती.

"कुठे थांबायचं ते मी सांगेन," तो म्हणाला. "काका, आकडे मोठ्यानं वाचा. विरामचिन्हं नकोत."

ठमीनं डावा पाय ब्रेकवरून उचलला आणि उजव्या हातानं दांडी जराशी ओढली. गाडी सरकली. गल्ली संपली, गोदामं मागे गेली, रुंद रिकामा रस्ता आला. अण्णा वाचत होते. पहिला सेन्सर, दुसरा सेन्सर, तापमान. आवाज सुरुवातीला कापत होता, मग त्याला लय आली. मागून फ्यूज "हं", "हं", "जरा जास्त पेट्रोल खातंय, पुढे" असं म्हणत होता. एकदा ठमीनं दांडी जरा जोरात ओढली आणि मांजरातला वाघ जागा झाला. अण्णांची पाठ सीटला चिकटली, पण आकडा चुकला नाही.

पुढे रस्ता एका छोट्या पुलावर चढत होता. ठमीनं वेग कमी केला आणि सवयीनं आधी कठड्याकडे पाहिलं, मग खांबांच्या जोडांकडे. तिचे ओठ किंचित हलले. काहीतरी मोजत होती बहुतेक. खांदे खाली आले होते. घरी आल्यापासून अण्णांनी तिला इतकं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या चेंडूकडे बघणारी ठमी ही नव्हे, ही तर रस्त्याकडे बघत होती.

"काका?" मागून फ्यूज म्हणाला. "झोपलात का? दोन्ही सेन्सर जमतायत ना?"

"जमतायत," अण्णा म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

"अण्णा," ठमी समोर बघत हळूच म्हणाली, "तुम्ही स्क्रीन बघतच नाही आहात."

खरंच होतं ते. न वाचता 'बरोबर' म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी घाईघाईनं चष्मा सारखा केला आणि मान खाली घातली.

"बघितलं?"

"बघितलं."

"मग?"

"बरोबरच आहे," अण्णा म्हणाले. "सोमवारी निघालीस तरी चालेल. मात्र फोनवर पेपर वाचायचा. रोज."

ठमीनं दांडी ओढली आणि पूल मागे पडला.