जिथे थोडंच वाढतात

आजवर मी हॉटेल निवडलं ते एकच गोष्ट बघून. पोटभर वाढतात की नाही? या खेपेला सगळं उलटं होतं. बशी परातीएवढी आणि त्यात अन्न चिमणीला पुरेल इतकंच, असं हॉटेल आम्हाला हवं होतं. आणि ते शोधायला आम्ही दोघं म्हातारे या अवाढव्य शहरात पायपीट करत होतो.

कारण सांगते. माझ्या नवऱ्याला, म्हणजे ह्यांना, गिळता येत नाही. घशाचा आजार झाला, किरणांचे शेक घेऊन गाठ दबली, पण घसा कामातून गेला. घेतलेला घास पोटाऐवजी फुप्फुसात उतरतो. चमचाभर पाणीसुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोटाला एक नळी बसवली आहे, तिच्यातून मी दुधासारखं पातळ औषधी अन्न सोडते. बोलता येतं, घोगरं का होईना. चालता येतं. जेवणाचं तेवढं राहिलं.

आणि हे आमच्या लेकाला ठाऊक नव्हतं. त्याला आम्ही ढब्बू म्हणतो. लहानपणी गोलमटोल होता म्हणून. आता नुसती काठी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो लांब दुसऱ्या देशात बंदर बांधायच्या कामावर निघाला होता, दोन वर्षांसाठी. अशी नोकरी दर वर्षी दारात येऊन उभी राहत नाही. मागे माझा पाय मोडला तेव्हा हा शहाणा हातातली नोकरी सोडून माझ्या उशाशी येऊन बसला होता. मी बरी झाले, आणि हा वर्षभर घरी. म्हणून ह्यांनी मला आधीच दम भरला होता, "त्याची वाट अडवायची नाही. जाऊ दे त्याला. मग काय ते सांगू."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही पटलं होतं. फोनवर निभावलं. घसा बसलाय, सर्दी आहे, वजन साखरेमुळे उतरवलंय. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी तो भेटायला येणार म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. घरात जेवायला बसलं की लपवणार कुठे? आमच्या टेबलाला तिघं बसले तरी कोपर कोपराला लागतं. सगळे एकमेकांच्या ताटात बघणार, घे म्हणणार, वाढणार.

"आपण त्याला बाहेर नेऊ," हे म्हणाले. "भारीतल्या हॉटेलात. तिथे कोण किती खातं कुणाला कळतच नाही."

मी कपाळाला हात लावला. पण विचार केला तेव्हा माणूस बरोबर बोलत होता.

पहिलं हॉटेल उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होतं. चारी बाजूंनी काच, आणि उजेड असा की माझ्या डोक्यातले पांढरे केस मोजून घ्यावेत. हे जन्मभर वायरमन. आत शिरताच मान वर. "इथे नको. तोंडावर दिवा आहे." दुसऱ्या ठिकाणी उजेड बरा होता, पण तिथला मुख्य आचारी प्रत्येक टेबलाशी येऊन विचारत होता, कसं वाटलं? एका बाईने अर्धं टाकलं, तर तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलाच. काय चुकलं म्हणे. मी ह्यांचा हात धरला आणि बाहेर पडले.

तिसरं एका गल्लीत होतं, बाहेर पाटीसुद्धा नीट दिसत नव्हती. आत काळसर भिंती, प्रत्येक टेबलावर खाली लोंबणारा एक छोटा दिवा. हे खुर्चीत बसून बघून आले. "उजेड टेबलावर पडतो. माणसाचं तोंड अंधारात." मेनू बघितला. एकामागून एक बशा येणार, प्रत्येकीत दोन-तीन घास. तेवढं तर मी दोघांचं गपचूप खाऊ शकते. वाढपी बोलत नव्हते, संपलं की उचलत होते. जागा राखून ठेवणाऱ्या मुलीने विचारलं, "कुणाला काही पथ्य आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं खातात."

बाहेर आल्यावर ह्यांनी मला चिडवलं, "खोटं बोलताना तुझी मान कशी ताठ होते गं." मी म्हणाले, तुमच्यासोबत संसार केला, काहीतरी शिकणारच. हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

मी शिवणकाम करते, त्यामुळे कोटाचं मीच बघितलं. खांदे आत घेतले, कॉलर वर सरकवली, नळीपाशी आतून मऊ अस्तर दिलं. आरशासमोर उभे राहिले तेव्हा छान दिसले. खरंच छान दिसले. घरून निघण्याआधी नळीतून त्यांचं जेवण दिलं आणि आम्ही तालीम केली. त्यांनी चमचा ओठापर्यंत न्यायचा, रुमाल लावायचा, खाली ठेवायचा. तेवढ्यात मी बशी बदलायची. ढब्बूने आग्रह केला तर म्हणायचं, पोट भरलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. जेवणाचंही आणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ढब्बू आला तो चक्रावलेलाच. "काय आई, लॉटरी लागली की काय?"

"तू जाणार म्हणून," मी म्हणाले. "गप बस आणि खा."

सूप आलं, इवल्याशा वाटीत. हे चमचा ओठाला लावून नुसते बसले. ढब्बू फोनमधला बंदराचा फोटो शोधत होता तेवढ्यात मी वाट्या बदलल्या. मग गाजराचं काहीतरी आलं, तेही खपलं. तो भरभरून बोलत होता. समुद्रात भराव कसा घालतात, राहायला कसली खोली मिळणार, तिथली थंडी. हे दोन्ही कोपरं टेबलावर टेकून ऐकत होते. मला वाटलं, निभावलं. आता दोन बशा आणि मग घर.

मासा आला. ढब्बूचा वेगळा होता, ह्यांचा वेगळा. त्याने पहिला घास खाल्ला आणि डोळेच मिटले. "बाबा, हे तुम्ही खाऊनच बघा." काट्यावर एक तुकडा घेऊन त्याने हात लांब केला.

मी वाट बघत होते, हे म्हणतील पोट भरलं. म्हणालेच नाहीत. त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग पुढे झुकले आणि तोंड उघडलं.

मी ढब्बूचं मनगट धरलं. "नको. त्यांना गिळता येत नाही. मरतील ते."

बोलून गेले. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. ढब्बूचा हात माझ्या हातात तसाच, काटा हवेत.

"एक घास खाल्ला असता मी," हे म्हणाले. रागाने नाही, काही मागावं तसं. "पोराच्या हातचा."

"आणि मग मी काय केलं असतं?" मी विचारलं. माझा आवाज फुटला.

मग मी सगळं सांगितलं. आजार, शेक, नळी, फोनवरची सर्दी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? ढब्बू ऐकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसतही नव्हता. वाढपी आला, आमच्याकडे बघितलं आणि परत फिरला. मी मनातल्या मनात त्याला दुवा दिला. ढब्बूने काटा खाली ठेवला आणि बशी दूर सारली.

"ती पुढे घे," हे म्हणाले. "गार होईल."

"बाबा, मला नाही जायचं घशाखाली."

"खा. मला खाता येत नाही, बघू तरी दे."

त्याने बशी पुढे ओढली. रडत रडत खायला लागला. हे त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जसे तो लहानपणी पहिल्यांदा भात खायला लागला तेव्हा बघत बसायचे.

"कसा आहे?"

"वरून कुरकुरीत आहे. आत मऊ." ढब्बूने नाक पुसलं. "लिंबू पिळलंय."

"मीठ?"

"बरोबर आहे."

ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग स्वतःची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने तीही खाल्ली, प्रत्येक घासाला सांगत. हे आंबट आहे. हे जरा तुरट. मी दुसरीकडे तोंड फिरवून बसले. मला ते बघवत नव्हतं, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं.

खाऊन झाल्यावर ढब्बू म्हणाला, "मी उद्या जात नाहीये."

झालं, मला वाटलं, आता हे भडकणार. ज्या एका गोष्टीसाठी इतके दिवस एवढा आटापिटा केला तीच हातची गेली होती. मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आवाज चढवू नका म्हणून. त्यांनी नुसता रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

"ते लोक जागा राखून ठेवतील का तुझी?"

"महिना-दोन महिने ठेवतील. विचारतो."

"मग विचार," हे म्हणाले. "त्याहून जास्त नाही लागायचे."

ढब्बूला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो फोनमध्ये नंबर शोधत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांच्या खोलीत मी दर वेळी जे विचारायला कचरायचे, विचारायचं म्हणून जायचे आणि तशीच परत यायचे, किती दिवस उरलेत ते, ह्यांनी केव्हाच विचारून घेतलं होतं. आणि मला सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझी नजर चुकवली आणि वाढप्याला हात केला. शेवटची बशी अजून यायची होती.