ठमीचा डावा डोळा

ठमी अक्षरं शिकली ती दुकानात. वडिलांचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच होतं. आई काउंटर सांभाळायची, वडील आतल्या खोलीत नंबर काढायचे. तिथं भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वडील ठमीला मांडीवर घेऊन तक्त्यासमोर बसत आणि काडीनं एकेक अक्षर दाखवत.

तिचे डोळेही त्यांनी त्याच तक्त्यावर तपासले. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्ही वेळा ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेली. वडील खूश झाले. लहान मुलांचे डोळे कधी तपासायचे असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना ते सांगत, की एवढी घाई कशाला, फळा दिसत नाही असं पोर म्हणालं की आणा.

मावशी राहायला आली तेव्हा ठमीच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी उठली होती. मावशी गरम फडक्यानं शेकत होती आणि ठमीनं मुकाट बसावं म्हणून तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ठमीनं ते खाली ठेवलं. म्हणाली, चित्रं गेली. मावशीनं फडकं काढलं, चित्रं परत आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेली.

मावशीनं हे वडिलांच्या कानावर घातलं. ते हसले.

"घारीची नजर आहे पोरीला. तूच एकदा नंबर काढून घे."

"माझा काढा हवं तर, भाऊजी. पण आधी हिचं बघा."

तिनं ठमीला तक्त्याकडे पाठ करून उभं केलं आणि शेवटची ओळ म्हणायला सांगितली. ठमीनं ती म्हटली. मग कुणी न सांगता वरचीही म्हटली, हातपाय हलवत, बडबडगीत म्हणावं तशी. वडिलांच्या हातातली काडी तशीच राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे अक्षरं नव्हती. तिथं चित्रं होती आणि त्यांची जागा बदलत होती. उजव्या डोळ्यानं ठमीनं बारीक चित्रंही ओळखली. डाव्यानं घराचं सगळ्यात मोठं चित्रही तिला ओळखता आलं नाही. थेंब घालून, उजेड टाकून डॉक्टरीणबाईंनी नंबर काढला. डावा बराच मोठा निघाला, उजवा जवळपास काही नाही. डोळा तिरळा नव्हता, त्यामुळे बाहेरून कुणाला कळायचं कारण नव्हतं. डाव्याकडून अंधूक चित्र येतं म्हणून मेंदूनं ते घेणंच सोडलं होतं. आता चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. हे सगळं वडिलांनी शिकताना वाचलेलं होतं.

"पण ती कधी काही म्हणाली नाही," ते म्हणाले.

"काय म्हणणार? तिला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं."

"पूर्ण येईल ना नजर?"

"वय हातात आहे अजून. तिसऱ्या वर्षी आणली असतीत, तर मी हो म्हटलं असतं."

चष्मा वडिलांनीच बनवला. पट्टी लावणंही त्यांच्याकडेच आलं. ठमी रडायची, ओढायची, माझा खरा डोळा द्या म्हणायची. एका दुपारी त्यांचा हात पट्टीच्या कडेपर्यंत गेला.

"अहो," काउंटरवरून आई एवढंच म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला आणि ठमीपुढे दोरा आणि मोठे लाल मणी ठेवले. जवळचं काम द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दोरा मण्याच्या बाजूनं जात राहिला. एक मणी सुटून घरंगळला आणि वडिलांच्या चपलेपाशी थांबला. ठमी जमिनीवर बसून शोधू लागली. मणी त्यांना स्वच्छ दिसत होता. ते वाकले नाहीत, बोललेही नाहीत. ठमीचा हात मण्याच्या शेजारून पुढे गेला, थांबला, आणि मागे आला.