अक्षता

सकाळी भाताचा निवळ काढताना रीना मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोबाइल होता.

"आई, मी नागपूरचंच कॉलेज घेतो. आज सांज व्हाच्या आधी होकार कळवा लागते."

मी झाकण धरून पेज गाळत राहिले. पेजेचा वास घरभर पसरला होता. हा वास आता मला फक्त नाकाने माहीत आहे. परसराम गेला तेव्हापासून मी भात सोडला आहे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत एकवेळ जेवायचं आणि भात खायचा नाही, असं देवापुढे बोलले होते. धानाच्या मुलखात राहून, सगळ्या घराचा भात स्वतः रांधून, आपल्या पानात भाकर घ्यायची. सुरुवातीला त्यात बळ होतं. आता नुसती सवय उरली आहे.

परसराम माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या पदराला धरून चालत असे. मोठा झाल्यावर तलावातली मासळी सायकलला बांधून लाखनीला विकायला जायचा. तिथेच, हायवेच्या कडेला, एका ट्रकनं त्याला उडवलं. ट्रक पुढे निघून गेला. पुढे पोलिसांनी एक ट्रक पकडलाही. त्याचा समोरचा दिवा नवा बसवलेला होता. पण तो हाच ट्रक, हे दाखवायला काही उरलंच नव्हतं. फुटलेल्या दिव्याच्या काचा रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या म्हणतात. पोलीस येण्याआधी तिथल्या चहावाल्या आनंदाबाईनं सगळं झाडून काढलं, जागा शेणानं सारवली, वर दिवा लावला. माणसाच्या रक्तावरून चाकं जाऊ नयेत, एवढाच तिचा भाव. तिच्या जागी आपल्याकडची कोणतीही बाई तेच करती. पण केस तिथेच अडली. भंडाऱ्याच्या कोर्टात आम्ही जातो, बाकावर बसतो, पुढची तारीख घेऊन परत येतो.

रीना तेव्हापासून या शिक्षणाच्या मागे लागली. गुन्हा घडला तर जागेवरून काय उचलायचं, कसं जपायचं, कोर्टात ते कसं उभं करायचं, याची पदवी असते हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. गुजरातेत एका विद्यापीठात तिचा नंबर लागला. तिथे मोठी प्रयोगशाळा आहे. नागपूरच्या एका कॉलेजातही लागला. आधी तिच्या बाबांनी तिला वकिली सुचवली होती. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, वकील मंग बोलते. बोलाले पहिले काही उरलं तं पाहिजे."

आणि आज नागपूर.

"तिथं बी तेच शिकवते का व?" मी विचारलं.

"हो, तेच. शनिवारी घरी येता येते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि बाहेर गेली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला. मन मात्र अध्यायात बसेना.

दुपारी हे अंगणात जाळं सांधत बसले होते. मी पाणी नेऊन दिलं.

"अजी, रीना नागपूरले जातो म्हणते."

"मालूम आहे मले."

"तिथं प्रयोगशाळा आहे?"

ह्यांनी सुतळी दातात धरून तोडली. "काही नाही तिथं. बीए आहे साधं. त्यातला हा एक विषय."

"मंग काहून घेऊन राहिली?"

"तुह्यापायी." हे जाळ्यावरून नजर न उचलता बोलले. "त्या दिवशी तू उपासानं तलावाच्या घाटावर चक्कर येऊन पडली नं, तवापासून पोरगी भेली. म्हणे, मी गेली तं आईले कोन पाहीन. बाबा तं काही बोलत नाही."

"तुमी काहून नाही बोलले मले?"

"तुह्या देवाच्या मधात मी कायले येऊ? तलावात मगर असली तं जाळं टाकता येते. तुह्या उपासात नाही टाकता येत."

हसू आलं नाही मला. तिथेच पायरीवर बसले. समोर धानाच्या बांधीत बायका रोपांचा रोवणा करत होत्या. एवढा धान उगवतो, आणि त्याच्याशी माझं भांडण. ज्याच्यासाठी भांडले, तो परत आला नाही. निकालही आला नाही. आणि आता पोरीची वाट अडली.

व्रत टाकून देता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ते दुसऱ्याला देता येतं. सासूबाई थकल्या तेव्हा कार्तिकातल्या दिव्याचं त्यांचं व्रत त्यांनी मला दिलं होतं. हातावर अक्षता आणि सुपारी ठेवून म्हणाल्या होत्या, "आता तू पाह्य." तेवढंच.

मी उठले. देवापुढच्या अक्षता आणि सुपारी घेतली आणि रीनाला हाक मारली.

"हात पुढं कर."

"काय व हे?"

"माह्यं व्रत आहे. मी थकली. आता हे तुह्यं."

तिनं घाबरून हात मागे घेतला. "मंजे मी भात सोडू? आई, हॉस्टेलात दुसरं काय भेटन?"

"बावळट! तुले कोनं सांगतलं भात सोडाले? मी भात सोडून काय झालं, पाहलं नं. तुले जे येते, ते कर. काचा उचलाले शिक. सारवलेल्या जागेतून काय निघते, ते शिक. निकाल लागत नाही तोवर सोडू नको."

"गुजरातेत?"

"जिथं प्रयोगशाळा आहे, तिथं."

तिनं हात पुढे केला आणि अक्षता-सुपारी मुठीत घेतली. "आन् तू?"

"व्रत तुह्याकडं गेलं. आता मले कायची बंदी?"

"मंग माह्या समोर खाय. मंगच फोन लावतो."

पोरगी आतापासूनच पुरावा मागत होती.

मी पाट घेतला. ह्यांनीच भात वाढला, सकाळचा, गार झालेला. वर मासळीचा रस्सा ओतायला निघाले तशी मी हात आडवा धरला.

"अजी, आज गुरुवार आहे. गुरुवार कोनाले नाही देल्ला मी."

"हो बापा," म्हणत त्यांनी वाटी मागे घेतली आणि वरण आणलं.

पहिला घास तोंडात घेतला. चव लागेना. परसराम लहानपणी माझ्या ताटातला भात मुठीनं उचलायचा, ते आठवलं आणि घास तिथेच थांबला. देव रागावला असेल का, तेही कळेना. विचार करायचंही त्राण नव्हतं. पाण्याबरोबर गिळला.

अंगणातून रीनाचा आवाज आला. "हो सर, येणार आहे. अॅडमिशन पक्की समजा." सरांशी बोलताना तिची भाषा एकदम शहरातली झाली होती. मूठ मात्र अजून वळलेली होती. त्यात अक्षता होत्या.

"बरं वाटलं का?" ह्यांनी विचारलं.

"थकली जी मी," मी म्हटलं. "वाढा थोडा."