मोहरीच्या काटक्यांची भाजावळ

माझं तोंड वाईट आहे, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. सखू बोलायला लागली की आंब्यावरचे कावळे उठतात, असं माझी जाऊ सांगत फिरते. फिरू दे. बोलले म्हणून तर संसार झाला. पण ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी मूग गिळून बसले, ते कुणालाच ठाऊक नाही.

आमचं शेत खेडपासून आत, नाल्याच्या काठाला. भाताची चार खाचरं, आमच्याकडे कुणगे म्हणतात, आणि वरच्या अंगाला रोपं काढायची दाढ. आठ वर्षांपूर्वी ऐन पावसात कुठलासा टँकर नाल्यात काळा गाळ ओतून गेला. कुणाचा, कुठला, आजपर्यंत कळलेलं नाही. पाणी चढलं तसा तो गाळ आमच्याच कुणग्यांत येऊन बसला. त्या वर्षी भात पिवळं पडून कुजलं. मग माती तपासली, तर म्हणे तिच्यात शिसं आहे. पिकलं तरी खाऊ नका.

आमचे हे, बाबू, तीस वर्षं मुंबईच्या गोदीत राबले ते याच शेताच्या आशेवर. परत आले आणि दोन पावसांत हे असं. दसऱ्याला सगळी वाडी आपल्या शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधते. आमच्या दाराला शेजारच्या सदूच्या शेतातल्या. बांधताना ह्यांचा चेहरा बघवत नसे. म्हणायचे, "सखू, मरायच्या आदी एकदा आपल्या कुणग्यातली लोंबी ह्या दाराला बांदायची हाय गो." एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

मग स्वरूप आला. कॉलेजात मातीचा अभ्यास करतो, तिशीचा असेल. म्हणाला, पावसाळा सरला की मोहरी लावा. मोहरी मुळांनी शिसं ओढून घेते आणि देठापानांत साठवते. मात्र तिची भाजी खायची नाही, गुरांना घालायची नाही, जाळायची तर नाहीच. उपटायची, वाळवायची, गोणीत भरून ठेवायची. कॉलेजची जीप येऊन घेऊन जाईल. मी म्हटलं, "बाबा रे, मोहरी आम्ही फोडणीला घालतो, तू मातीलाच फोडणी द्यायला निघालास!" हे मात्र गंभीर होऊन ऐकत होते.

तीन वर्षं ह्यांनी ती मोहरी पोटच्या पोरीसारखी राखली. सदूच्या शेळ्या फिरकू दिल्या नाहीत. मला कोवळा पाला खुडावासा वाटे, तर माझ्यावरही नजर. तिसऱ्या वर्षी मोहरी निघाली, माती तपासली, आणि स्वरूप कागद घेऊन धावतच आला. "काका, यंदा भात लावा!" हे बांधावर मटकन बसले आणि पंच्यानं डोळे पुसत राहिले. मलाही भरून आलं. तरी मी म्हटलंच, "रडताय काय, कामाला लागा."

शेवटच्या वर्षाच्या गोण्या शेतातल्या मांगरात, म्हणजे खोपीत, रचलेल्या होत्या. जीप बिघडली होती, आज येते उद्या येते चाललं होतं. इकडे शिमगा झाला आणि भाजावळीचे दिवस आले. आमच्याकडे पेरणीआधी दाढ भाजून घेतात. शेण, झाडाचा तोडलेला टाळा, वाळला पालापातेरा, गवत असं थरावर थर घालायचं आणि पेटवायचं. त्याशिवाय रोप जोमानं येत नाही. टाळ्यासाठी ऐनाच्या झाडावर चढावं लागतं, आणि ह्यांचे गुडघे गेलेले. वाडीतल्या सगळ्या दाढी भाजून काळ्या झाल्या, आमचीच उघडी.

एका सकाळी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "गुडघे काय तुमचेच दुखतात? तीन वर्षं वाट बघितली ती दाढ अशी बोडकी ठेवायला? मांगर भरून वाळल्या काटक्या पडल्यात, त्या काय पूजेला ठेवल्यात?"

"स्वरूप नको बोललाय गो."

"मग स्वरूपच्या आईशीला बोलवा दाढ भाजायला!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते आगपेटी घेऊन गेले. दुपारी धूर दिसला तेव्हा मी अंगणातून म्हटलं, "झालं एकदाचं!" खरं सांगते, मला वाटलं जाळलं की संपलं. आगीत घातलं की सगळं शुद्ध होतं, हेच शिकलो ना आपण?

मे महिन्यात दोन दिवस अवकाळी पाऊस पडला आणि दाढीतली राख खालच्या कुणग्यांत उतरली. तिसऱ्या दिवशी स्वरूप जीप घेऊन आला. मांगर रिकामा. दाढीत बसून त्यानं काळी माती चिमटीत घेतली, आणि त्याचा चेहराच उतरला.

"कुणी जाळलं?"

मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. पण त्याआधी हे बोलले, "मीच. ही नको नको म्हनत होती. मी ऐकलं नाय."

सदू होता, त्याची बायको होती, जाऊ होती. आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही, ती गप्प राहिले. लाज वाटली. म्हटलं, उद्या सांगेन.

तपासणी झाली. शिसं जळत नाही म्हणे, राखेत तसंच राहतं. दाढीतलं शिसं कुणग्यांत पहिल्या वर्षी होतं त्याहूनही जास्त, खालच्या कुणग्यांचाही भरवसा नाही. स्वरूप म्हणाला, वरची राखमाती खरवडून नेतो, पण पुन्हा दोन-तीन वर्षं मोहरीच लावावी लागेल. वाडीला थट्टेला विषय मिळाला. "काय बाबू, यंदा पीक राखेचं काय?" हे हसायचे. घरी एकदा मी सुरुवात केली, "अहो, त्या दिवशी..." तर म्हणाले, "जाऊ दे गो. तुला लोक आदीच कायबाय बोलतात. त्यात आनी हे कशाला?"

भाद्रपदात हे गेले. जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत. ती दोन-तीन वर्षं त्यांच्याजवळ नव्हतीच.

दिवाळीनंतर स्वरूप पुन्हा मोहरीचं बी घेऊन आला. शेतात ओळींसाठी दोरी ताणता ताणता म्हणाला, "काकू, काकांनी तुमचं ऐकलं असतं तर आज..." चांगल्या मनानंच म्हणाला.

"मी सांगितलं जाळायला," मी म्हटलं. "मी. ते नकोच म्हणत होते."

दोरी धरलेला त्याचा हात थांबला. मग दोरी खाली ठेवून म्हणाला, "असू दे, काकू."

असू दे! अरे, बेचाळीस वर्षं मी त्या माणसावर ओरडले. त्यानं एकदासुद्धा माझ्यावर आवाज चढवला नाही. वर माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन, हसं करून घेऊन गेला.

"ओरड की रे माझ्यावर," मी म्हटलं. "कुणीतरी ओरडा!"

स्वरूपनं बियाची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बांधावर येऊन बसला. ओरडला नाही. तोही ह्यांच्यासारखाच, ओरडला नाही.